तंबाखूचा रकाना

आजारातून उठलेल्या माणसानं लिहायला बसलं की आधी देवाचे, मग डॉक्टरांचे, मग घरच्यांचे आभार मानायचे असतात. डॉक्टरांचे मी मानते. देवाचं आणि माझं काय ते आम्ही आमच्यात बघून घेऊ. घरच्यांचं पुढं येईलच.

माझं नाव शोभा, वय पन्नास. कोल्हापुरात माझा साफसफाईचा धंदा आहे. दोन मंगल कार्यालयं आणि शिरोली एमआयडीसीतल्या तीन फौंड्र्यांची ऑफिसं माझ्या अकरा बायका झाडतात, पुसतात, तिथले संडास घासतात. पैपाव्हण्यांत आम्ही त्याला हाऊसकीपिंग म्हणतो, कारण संडास म्हटलं की लोकांच्या हातातला लाडू तोंडापर्यंत जात नाही. मी आणि शेजारची आक्काताई, अशा दोघींनी दोन बादल्यांवर हे सुरू केलं. आक्काताई अजून माझ्याकडंच आहे आणि माझ्यापेक्षा जास्त हुकूम सोडते.

मला डाव्या गालाला आतून कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता मी बरी आहे. हे लिहितेय ते माझ्यासारखा धंदा करणाऱ्यांसाठी. ज्यांना 'सकारात्मक विचारांनी आजारावर मात' वगैरे वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडं जावं, तसलं लिहिणारे पुष्कळ आहेत.

दात घासणं

आमचं काम पहाटे पाचला सुरू होतं. ऑफिसं उघडायच्या आत फौंड्रीची काळी धूळ टेबलांवरनं, खुर्च्यांवरनं, खिडक्यांच्या गजांवरनं गेली पाहिजे. ही धूळ नुसत्या फडक्यानं जात नाही, फक्त जागा बदलते. टेम्पोतनं उतरलं की सगळ्याजणी आधी गेटापाशी उकिडव्या बसायच्या, कमरेची डबी काढायच्या आणि मशेरी लावायच्या. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग थुंकायचं, चूळ भरायची आणि बादल्या उचलायच्या.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती भाजताना घरभर ठसका उठायचा तो तंबाखूचाच. तरी आमच्यात मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष खातात, ते व्यसन. बायका दात घासतात. मी दिवसातनं चार वेळा दात घासत होते, तीस वर्षं. इतके दात घासणाऱ्या बाईचे दात खरं तर आरशासारखे असायला हवे होते, पण एवढा साधा विचारही कधी डोक्यात आला नाही. अकरा बायकांना टेबलाखालची धूळ दाखवणारी मी, स्वतःच्या तोंडात डोकावले नाही.

ज्याचा विमा काढू नये त्याचा विमा

माझे धाकटे दीर, दिनकर भावजी, विम्याचे एजंट आहेत. विमा एजंट ज्या घरात असतो त्या घराला दर मार्चमध्ये ताप येतो. भावजींचं टार्गेट अडलं की एक पॉलिसी आमच्या घरात. असं करून माझ्या नवऱ्याच्या जिवावर सहा पॉलिस्या झाल्या.

माझ्या नवऱ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण खरं सांगायचं तर तो काही करत नाही. बिद्रीकडं थोडी जमीन आहे, तिच्यातला ऊस कारखान्याला जातो, आणि हे वर्षाचे तीनशे दिवस त्या उसाची वाट बघतात. माणूस भला आहे. उद्या ते गेले तर मी धाय मोकलून रडेन, आणि परवा पहाटे पाचला टेम्पो निघेल. मी गेले तर टेम्पो निघणार नाही. एवढा साधा हिशोब असताना सहा पॉलिस्या त्यांच्या नावावर होत्या आणि माझ्या नावावर एकही नव्हती.

मी एकदा भावजींना विचारलं, "माझा का न्हाय काढत?"

"वहिनी, इमा कमावत्या माणसाचा काढत्यात."

"मग मी काय करतो? फुगड्या घालतो?"

"तसं न्हवं वो. तुमचा जोडधंदा हाय."

ज्या जोडधंद्यावर त्यांच्या भावाच्या सहा पॉलिस्यांचे हप्ते जात होते, तो जोडधंदा. त्या दिवशी मी हट्टाला पेटले. माझी मुलगी प्राजक्ता बारावी होऊन फार्मसीला जायचं म्हणत होती. म्हटलं, माझ्या माघारी तिचं शिक्षण पुरं होईल एवढ्या मोठ्या रकमेचा, नुसता मरणाचा विमा माझ्या नावानं काढा. तो मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि भावजींना गरज होती, म्हणून तो निघाला.

फॉर्म त्यांनीच भरला. आमच्या स्वयंपाकघरात, चहा पीत. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'गृहिणी' लिहिलं. मी म्हटलं, "सफाईचा धंदा लिवा की." ते म्हणाले, "कशाला? उगंच चौकश्या करत्यात. आन् उद्या पोरीला स्थळं येणार, कागद कुणाच्या हातात पडंल सांगता येत न्हाय." विमा कंपनीचा कागद नवऱ्यामुलाच्या आत्याच्या हातात कसा पडणार होता हे त्यांना माहीत. शेवटी माझ्या हट्टापायी त्यांनी 'लघुउद्योग' लिहिलं. जसं काही मी काडेपेट्या बनवते.

मग पुढचा प्रश्न त्यांनी वाचला, "तंबाखू, सिगारेट, दारू?" आणि मी काही बोलायच्या आत 'नाही' लिहून मोकळे झाले. खरं सांगते, मलाही त्यात खोटं वाटलं नाही. माझी डबी तेव्हा माझ्या कमरेला होती. तपासणीशिवाय मिळणारी पॉलिसी होती, त्यामुळं कुठल्या डॉक्टरनं तोंडही बघितलं नाही. मी खाली सही केली. सही मात्र माझी, स्वच्छ, पूर्ण नावाची.

दात लागतोय

अडीच वर्षांनी, श्रावणात, प्राजक्तानं जेवताना विचारलं, "आई, तू उजव्या बाजूनंच का चावतीस?"

मला कळलंच नव्हतं. किती महिने मी तसं जेवत होते कोण जाणे. मी म्हटलं, "डावीकडचा दात लागतोय गालाला." चट्टा होता, मला जिभेला लागायचा. त्यावर मी तुरटी लावली होती, तूप लावलं होतं, आणि झोंबलं की थोडी मशेरी लावली होती, कारण तिनं बधिर व्हायचं. म्हणजे आगीवर रॉकेल.

प्राजक्ता तेव्हा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं मोबाईलची बॅटरी लावून माझं तोंड बघितलं. ताट तसंच ठेवून उठली. मी तिच्यावर ओरडले, अन्न टाकून उठायचं नाही म्हणून. ते ओरडणं आता आठवलं की लाज वाटते.

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टच्या दिवशी नवरा आला नाही. त्यांना दवाखान्याचा वास सोसत नाही. त्यांची बायको पंधरा वर्षं फिनेलच्या वासात उभी आहे, पण यांना वास सोसत नाही. मोटार भावजींकडं होती, म्हणून ते आले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी कॅन्सर हा शब्द एकदाच उच्चारला, सरळ, आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं होतं असं ऐकलं की माणूस कोसळतं. मी त्यांच्या टेबलाकडं बघत होते. काचेखाली धूळ होती, आणि ती कशी काढावी याचा मी विचार करत होते.

डॉक्टरांनी पेन उचललं. "काकू, तंबाखू? मशेरी?"

"न्हाय," मागनं भावजी म्हणाले. "आमच्या घरात बायका असलं काय करत न्हाईत."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. माझे दात त्यांच्या समोर होते.

"व्हय," मी म्हणाले. "मशेरी. तीस वर्षं. दिवसातनं चार वेळा."

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. भावजींनी मागं असा श्वास घेतला की मला वाटलं यांनाच काही झालं.

सात महिने

बाहेर बाकावर मी बसले होते. आपल्याला कॅन्सर आहे हे कळून दहा मिनिटं झाली होती. भावजी माझ्यापुढं उभे राहून मला झापत होते.

"वहिनी, काय केलंसा ह्ये! कागदावर आलं की आता!"

तेव्हा त्यांनी मला नियम सांगितला, जो पॉलिसी देताना सांगायला हवा होता. फॉर्मवर काही लपवलेलं असलं आणि माणूस तीन वर्षांच्या आत मेलं, तर कंपनी चौकशी करते, दवाखान्याचे कागद मागवते आणि पैसे नाकारू शकते. तीन वर्षं पुरी झाली की मग फॉर्मवरनं तिला भांडता येत नाही.

"आपली तीन वर्षं मार्चअखेर व्हत्यात," ते बोटं मोजत म्हणाले. "म्हंजी अजून सात म्हैनं पायजेत."

"कुणाला?"

"पॉलिसीला."

त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती. फक्त ती माझ्याबद्दल नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे, लग्नाच्या जेवणावळीनंतरची मोरी बघितली आहे, पण त्या बाकावर मला आली तशी किळस मला कधी आली नव्हती.

आणि वाईट हे की त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यातनं जाईना. मी मरायला इतकी घाबरत नव्हते, जितकी सात महिन्यांच्या आत मरायला घाबरत होते. नवऱ्याच्या जिवावर सहा पॉलिस्या, नवरा ठणठणीत. माझ्या जिवावर एक, ती एका शब्दापायी फुसकी. मी पाचव्या महिन्यात गेले तर प्राजक्ता कॉलेज सोडून कुठल्या तरी मेडिकलच्या दुकानात उभी राहणार, नाहीतर काकाच्या दारात. धंदा सुरू केल्यापासनं पंधरा वर्षं मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता. नवरा आळशी, दीर लबाड, ठीक आहे. पण फॉर्मखाली सही माझी होती.

मुकी

गणपती गेले आणि ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली. नाकातनं नळी घातली, तिच्यातनं जेवण. तीन आठवडे बोलणं बंद. माझ्या घरच्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे तीन आठवडे असावेत.

प्राजक्तानं मला एक वही दिली होती. तिच्यात मी लिहून सांगायचे. ती वही माझ्याकडं अजून आहे. पहिल्या पानावर 'पाणी' आहे, दुसऱ्यावर 'सुई काढा', आणि तिसऱ्यापासनं वॉर्डच्या साफसफाईबद्दल आहे. वॉर्ड पुसणारी शमीम नावाची बाई होती. ती एकाच पाण्यानं चौदा खाटा पुसायची आणि कोपरे सोडायची. मला हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, पण ते बघवेना. मी वहीत लिहिलं, 'पाणी बदल. कडेनं पूस.' तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते नर्सकडनं वाचून घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मौशी, तू बी ह्याच धंद्यातली दिसतीस."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासनं तिनं माझ्या खाटेपाशी पाणी बदललं आणि कोपरेही पुसले. नळीतनं पेज घालताना प्राजक्ताचा हात अवघडायचा तेव्हा शमीम पोचा बाजूला ठेवून, हात धुऊन, ती नळी उंच धरायची. तिचं ते काम नव्हतं. असल्या गोष्टी माणूस विसरत नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय सांगायचं. एक चुलत सासू खाटेवर बसून म्हणाली, "तोंडाचं व्हतंय त्येला, ज्येचं तोंड लई चालतंय." मी वहीत उत्तर लिहिलं होतं, ते प्राजक्तानं तिला दाखवलं नाही. एकजण काढा घेऊन आला. एकीनं माझा चेहरा बघून पदर तोंडाला लावला आणि मग विचारलं, पोरीच्या लग्नाचं काय. नवरा चौथ्या दिवशी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "डाळीला किती शिट्ट्या?" मी तीन बोटं दाखवली. तो गेला.

आता त्याच्याबद्दल एक खरं सांगायलाच हवं. घरी आल्यावर नाचणीची पेज नळीत अडकायची, गुठळीमुळं. एके दिवशी अडकली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर हा माणूस पेज दोन वेळा गाळत होता, माझ्या जुन्या मऊ ओढणीतनं. मला बघून म्हणाला, "काय बगतीस? जा, पड जा." मी जाऊन पडले आणि बराच वेळ रडले.

आक्काताई दवाखान्यात एकदाच आली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती बाहेर गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा तिच्या ओठांना मशेरी होती. दुःख झालं की आम्ही काय करतो, तर दात घासतो. मी तिला वही दाखवली. 'आधी डबी टाक, मग भेटायला ये.' तिनं विचारलं काय लिवलंय, प्राजक्तानं सांगितलं, आणि आक्काताई रागानं निघून गेली. पण माझ्या सगळ्या आजारपणात पहाटेचा टेम्पो एक दिवस चुकला नाही, तो तिच्यामुळं.

हजेरी

रेडिएशनचे दिवस ऑपरेशनपेक्षा वाईट. तोंड आतनं सोलून निघतं. पाणीसुद्धा तिखट लागतं. चव जाते, थुंकी जाते, आणि कोल्हापूरच्या बाईला नुसत्या भाताच्या पाण्यावर बसवतात. शेजारच्या घरात मटण शिजलं की मी खिडकी लावून घ्यायची.

भावजी दर महिन्याच्या शेवटी यायचे. शाळेत हजेरी घेतात तसे. खुर्चीत बसून, तंबाखू-सुपारीच्या माव्याचा बार गालात भरून, माझ्याकडं नीट निरखून बघायचे आणि जाताना म्हणायचे, "चला, चार म्हैनं राह्यलं." मग, "तीनच की आता." एकदा मला ताप भरला आणि उलट्या थांबेनात, तेव्हा ते धावत आले. सलाईन लावणाऱ्या नर्सला ते म्हणाले, "बगा सिस्टर, मार्चपतोर काय व्हता कामा नये." नर्सला वाटलं मार्चमध्ये घरात लग्न आहे.

मी जगले. औषधानं, प्राजक्तामुळं, शमीममुळं, आणि थोडीशी या माणसावरच्या रागानंही. राग हे औषध कुठल्या कागदावर लिहीत नाहीत, पण लागू पडतं.

त्या दिवसांत पडल्या पडल्या मी जे शिकले ते इथंच सांगते, कारण शहाणपण शिकवायला मला पुन्हा जमणार नाही. सफाईचा, धुण्याचा, टाक्या धुण्याचा, कसलाही छोटा धंदा करत असाल तर विमा त्याचा काढा ज्याच्यावाचून सकाळी काम निघत नाही. मालक कागदावर कोण आहे ते बघू नका. फॉर्म स्वतः भरा, नाहीतर पोराबाळांकडनं भरून घ्या, पण ज्याला त्यातनं कमिशन मिळतं त्याच्या हातात पेन देऊ नका, तो दीर असला तरी, विशेषतः दीर असला तर. संडास धुता तर तसं लिहा. ॲसिड हाताळता ते लिहा. मशेरी, मावा, गुटखा, नुसती दातांना लावायची पूड, सगळं तंबाखूच्या रकान्यात लिहा. हप्ता वाढेल. वाढू दे. स्वस्तातली पॉलिसी मला सात महिने रोज मारत होती. आणि बायका कामाला असतील तर त्यांचा अपघाताचा विमा काढा, ओल्या फरशीवर पडणारी बाई तुमची असते. आता मला नवीन विमा कोणी देत नाही. आहे तीच एक.

पेढे

मार्चअखेर आली. त्या दिवशी सकाळीच भावजी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"वहिनी, झाली तीन वर्सं!" ते दारातनंच ओरडले. "आता काय बी झालं तरी काळजी न्हाय!"

काय बी झालं तरी. म्हणजे आता तुम्ही मरायला मोकळ्या. त्यांना ते कळलंही नाही. नवरा हसत उठला आणि त्यानं एक पेढा घेतला. प्राजक्ता माझ्याकडं बघत होती. माझं तोंड आता दोन बोटंच उघडतं, पेढा मला कुसकरून खावा लागतो. मी बोटानं चिमटीभर घेतला. गोड लागला. चव परत आली होती, हे मला त्या माणसाच्या पेढ्यानं कळलं, याचाही मला राग आला. आणि खोटं का बोलू, आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं. प्राजक्ताचं कॉलेज आता कुणाच्या शब्दावर अवलंबून नव्हतं.

भावजी खुर्चीत बसले. पेढा तोंडात टाकला. आणि तो जिभेनं उजवीकडं सरकवला.

मी बघत राहिले. त्यांनी दुसरा घेतला. तोही उजवीकडं.

"भावजी, तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा की."

"काय न्हाय वो, दात लागतोय जरा."

प्राजक्ताला सांगावं लागलं नाही. तिनं मोबाईलची बॅटरी लावली. ते बार ठेवायचे त्याच जागी, डाव्या गालाला, पांढरा चट्टा होता आणि त्याची कड लाल होती. प्राजक्तानं बॅटरी बंद केली आणि उठली, तेव्हा ताटावरनं उठली होती तशी.

या माणसाबद्दल मला कधी प्रेम नव्हतं. त्यांनी माझ्या आजाराची बोटांवर मोजणी केली, ते मी विसरणार नाही. पण त्या चट्ट्याकडं बघताना मला भीती वाटली, आणि ती त्यांच्यासाठी वाटली. असला चट्टा वैऱ्याच्या तोंडातही बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. नवरा बरोबर आला, वास सोसत नव्हता तरी आला. मोटारीत भावजी पुढं बसले होते. अर्ध्या वाटेत ते मागं वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, डॉक्टरास्नी माव्याचं बोलू नगासा. जुनी पॉलिसी मोडून म्या नवी काढलीया, टार्गेटसाठी. दीड वरीस बी झालं न्हाय."

"फॉर्म कुणी भरला?"

ते पुढं बघायला लागले.

तोच दवाखाना, त्याच डॉक्टर. टेबलाच्या काचेखाली तीच धूळ. भावजी समोरच्या खुर्चीत बसले, मी त्यांच्या मागं उभी राहिले. डॉक्टरांनी त्यांचं तोंड बघितलं, मला ओळखलं आणि पेन उचललं.

"तंबाखू?"

भावजींनी मान मागं वळवून माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत जी भीती होती ती मला पाठ होती.

"व्हय," मी मागनं म्हणाले. "मावा. बावीस वर्षं. लिवा."